लांब दिवसाचा देश आणि माळव्याची रात्र

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. मिसिसागात साडेचारलाच अंधार पडला होता आणि आमची सात वर्षांची लेक शाळेचा प्रोजेक्ट घेऊन बसली होती. विषय होता उत्तर ध्रुवाजवळचे लोक. 'एस्किमो म्हणायचं नाही बाबा, इनुइट म्हणायचं, आणि एक माणूस असेल तर इनुक', हे तिने मला आधीच बजावलं होतं. माहिती शोधता शोधता कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाचा एक जुना माहितीपट सापडला. १९५२ सालचा, 'लँड ऑफ द लाँग डे', म्हणजे लांब दिवसाचा देश. लांबी पाऊण तासाच्याही आत. दिग्दर्शक डग विल्किन्सन. आम्ही दोघं पांघरूण घेऊन बघायला बसलो.

कथा साधी आहे. बॅफिन बेटाच्या उत्तर टोकाला पाँड इनलेटजवळ इड्लाउक नावाचा शिकारी आपल्या कुटुंबाबरोबर राहतो. हिवाळ्यात सूर्य उगवतच नाही, तेव्हा साठवलेल्या मांसावर दिवस काढायचे. वसंतात बर्फावर सीलची शिकार. मग तो लांब दिवस येतो, सूर्य मावळतच नाही आणि नारव्हालच्या मागे सगळी वस्ती पाण्यात उतरते. कुत्र्यांच्या गाड्या, कातड्याचे कपडे, हसणारी पोरं. लेक तल्लीन झाली होती. संपल्यावर तिने एकच प्रश्न विचारला, 'बाबा, तो स्वतः का नाही बोलला?'

खरंच की. निवेदन इंग्रजीत आहे आणि तो आवाज इड्लाउकचा नाही. माणसं पडद्यावर बोलतात, पण त्यांचं म्हणणं आपल्यापर्यंत दुसऱ्याच्या तोंडून येतं. विल्किन्सनने हे काम वरवर केलं होतं असं मात्र नाही. तो नंतर पुन्हा तिकडे गेला, इड्लाउकच्या घरात वर्षभर मुलासारखा राहिला, शिकार शिकला आणि १९५५ मध्ये याच नावाचं पुस्तक लिहिलं. माणूस प्रेमाचाच होता. तरी लेकीचा प्रश्न उरतोच.

पुढे वाचत गेलो आणि एक गंमत सापडली. आपल्यापैकी जे जुने लोक सत्तरच्या किंवा ऐंशीच्या दशकात इथे आले, त्यांनी इड्लाउकला नक्की पाहिलं आहे, खिशात घेऊन फिरले आहेत. १९७४ सालच्या मालिकेतली लालसर तपकिरी दोन डॉलरची नोट आठवते? तिच्या मागे शिकारीला निघायची तयारी करणारी इनुइट माणसं आणि त्यांच्या होड्या आहेत. ते चित्र विल्किन्सनच्या फोटोवरून कोरलेलं आहे आणि त्यात इड्लाउक आणि त्याचे नातलग आहेत. नोटेवर राणीचं नाव लागत नाही, तिला सगळे ओळखतात. इड्लाउकचंही नाव नाही, कारण त्याला कोणीच ओळखत नव्हतं. ती नोट बाजारात आली १९७५ मध्ये. इड्लाउक १९५५ मध्ये आणखी उत्तरेला, रेझोल्यूटला राहायला गेला होता आणि १९६८ मध्येच वारला होता. म्हणजे त्याला विचारायला किंवा दाखवायलाही कोणी उरलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट वाचून मी थांबलोच. इनुइट लोकांत आडनावं नव्हती. सरकारी कचेऱ्यांना ते जमेना, म्हणून १९४१ पासून प्रत्येकाला आकडा घातलेला एक छोटा गोल बिल्ला दिला. गळ्यात अडकवा नाहीतर कपड्याला शिवा. सरकारदरबारी माणूस म्हणजे तो आकडा. जवळजवळ तीस वर्षांनी आडनावं नोंदवायची मोहीम निघाली, तेव्हा कुठे हे संपलं. मी सॉफ्टवेअरवाला. डेटाबेसमध्ये रोज हेच करतो. आयडी सक्तीचा, नावाचा रकाना रिकामा असला तरी चालतो. त्या रात्री मला ते जरा टोचलं.

पण लेख इनुइट लोकांवर नाही, धार आणि देवासवर आहे. डिसेंबरात मी भारतात गेलो ते एका कामासाठी. धारचं आमचं घर विकायचं ठरलं होतं.

आमचं घराणं कोकणातून कधीतरी पवारांच्या मागे माळव्यात आलं. अठराव्या शतकात मराठे माळव्यात उतरले तेव्हा पवारांच्या एका शाखेला धार मिळालं, दुसरीला देवास. त्यांच्याबरोबर कारकून, भटजी, शिलेदार, वैद्य असे सगळे आले आणि इथलेच झाले. धारच्या किल्ल्यात तर शेवटचा पेशवा दुसरा बाजीराव जन्मला, १७७५ साली. आम्ही शाळेत असताना ही गोष्ट प्रत्येक पाहुण्याला सांगायचो, जणू काही बाळंतविडा आमच्याच घरून गेला होता.

इंदूरच्या विमानतळावर बाबा घ्यायला आले होते. 'पोहे-जलेबी खाऊन निघू, नाहीतर वाटेत तुझं डोकं दुखेल,' हे त्यांचं स्वागत. इंदूर ते धार साधारण पासष्ट किलोमीटर. मी इंजिनिअरिंगला असताना हाच रस्ता बसने अडीच तास घ्यायचा. आता दीड तासात पोचलो. दोन्ही बाजूंना गव्हाची हिरवी शेतं, मधेच हरभरा, आणि थंडी अशी की स्वेटर पुरेल. माळव्याची हीच तर मौज. म्हणतात ना, सुबह-ए-बनारस, शाम-ए-अवध आणि शब-ए-मालवा. बनारसची सकाळ, अवधची संध्याकाळ आणि माळव्याची रात्र. दिवसभर ऊन कितीही असो, रात्र गार होणार. पाँड इनलेट ७२ अंशांवर, तिथे लोक लांब दिवसाची वाट बघतात. आमचं धार २२ अंशांच्या थोडं वर, आम्ही रात्रीची वाट बघतो.

घर आधीच अर्धं रिकामं झालं होतं. घेणारा ते पाडून दुकानं बांधणार, हे त्याने लपवलं नव्हतं. बाबा म्हणाले, 'मी आहे तोवर रजिस्ट्री झालेली बरी. तू काय कॅनडातून कौलं बदलायला येणार आहेस?' यावर मला उत्तर नव्हतं.

दुपारी कामाला कंटाळून मी गावात चक्कर मारली. किल्ल्यावरून उतरून पाय आपोआप फडके स्टुडिओकडे वळले. आपल्यापैकी बहुतेकांनी गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा पाहिला असेल. तो घडवणारे शिल्पकार रघुनाथ कृष्ण फडके. जन्म १८८४ चा, वसईचे. ते धारला आले आणि धारचेच होऊन गेले. १९६१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९७२ मध्ये ते वारले. त्यांची शिल्पं इथे अजून आहेत. माझे आजोबा सांगायचे की शाळेतून येताना ते दाराशी उभं राहून बघत असत, आणि पांढऱ्या धुळीतून माणसाचा चेहरा हळूहळू वर येताना पाहणं हा त्यांचा सिनेमा होता. फडक्यांनी घडवलेली कितीतरी माणसं आज कोणाला ओळखू येणार नाहीत. पण चेहरे असे, की कोपऱ्यावरच्या दुकानात आत्ता भेटले असते असं वाटावं. चौपाटीवर रोज हजारो लोक टिळकांना बघतात. त्यातल्या किती जणांना फडके माहीत आहेत, आणि फडके माहीत असलेल्या किती जणांना धार माहीत आहे? मला दोन डॉलरची नोट आठवली. इथे उलटा प्रकार. चित्रातला माणूस प्रसिद्ध, घडवणारा बिननावाचा.

रात्री बाबा आणि मी माळ्यावरची ट्रंक उघडली. भांडी, पंचांगं, धार संस्थानातल्या कुठल्याशा जमिनीचे कागद, आणि तळाशी अल्बम. त्यात एक मोठा फोटो. १९६१, बाबांची मुंज. वाड्याच्या चौकात पंचवीस-तीस माणसं. मुंडावळ्या बांधलेले आठ वर्षांचे बाबा मध्ये, रडवेले. मी फोटो उलटा केला. आजोबांच्या सुबक अक्षरात पेन्सिलने नावं. उभे डावीकडून अमुक, बसलेले अमुक. पुरुषांची पूर्ण नावं. बायकांची 'सौ. वहिनी', 'मोठी काकू', 'इंदूरच्या मावशी'. आणि शेवटी दोन शब्द, 'व इतर'.

मी मोजलं. इतर म्हणजे एकच व्यक्ती होती. डाव्या टोकाला, खांबाला टेकून, अर्धी फोटोच्या बाहेर. लुगडं डोक्यावरून घेतलेली, हातात तांब्याची कळशी. पण ती कॅमेऱ्याकडे बघत नव्हती. मुंजमुलाकडे बघत होती.

'ही कोण, बाबा?'

बाबांनी चष्मा लावला आणि बराच वेळ बघत राहिले. 'बाई,' ते म्हणाले. 'आपल्याकडे होत्या. पाणी भरायच्या, सगळंच करायच्या. माझ्या मागे जेवणाचं ताट घेऊन फिरायच्या. आईला टायफॉइड झाला तेव्हा चार महिने मी यांच्याच मांडीवर झोपलो.'

'नाव काय त्यांचं?'

बाबा गप्प. सत्तर वर्षांच्या माणसाला, ज्या बाईच्या मांडीवर तो झोपला तिचं नाव सांगता येईना. 'बाईच म्हणायचो आम्ही,' ते पुन्हा म्हणाले, आणि उठून पाणी प्यायला गेले. पाच मिनिटांनी आतूनच आवाज आला, 'ताईला माहीत असेल. उद्या देवासला जाऊ.'

ताई म्हणजे माझी आत्या, बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. धारहून इंदूर ओलांडून देवास, साधारण शंभर किलोमीटर. गावात शिरताना बाबांनी बोट दाखवलं, 'ही बँक नोट प्रेस.' लहानपणी शंभरदा ऐकलेलं, पण या वेळी मी गाडीतच हसलो. देवासचा नोटांचा छापखाना उभा राहिला १९७४ मध्ये. म्हणजे ज्या साली तिकडे इड्लाउकच्या चित्राच्या नोटेवर आकडा पडला, त्याच साली आमच्या आत्याच्या गावात नोटा छापायची तयारी झाली. योगायोगच, अर्थ काही नाही. पण नोट हातात घेताना तिच्यावर कोणाचं चित्र आहे आणि कोणाचं नाही, हे मी आता बघतो.

देवास हे एक अजब गाव. पवारांच्या दोन भावांनी मिळवलं आणि दोघांत वाटून घेतलं. थोरली पाती, धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन राजवाडे, दोन कारभार. सरहद्द गावाच्या रस्त्यांमधूनच गेलेली. १९४८ मध्ये संस्थानं विलीन होईपर्यंत हे असंच चाललं. वर टेकडीवर देवीही दोन, बहिणी-बहिणी. तुळजाभवानी थोरली, चामुंडा धाकटी.

या थोरल्या पातीच्या तुकोजीराव महाराजांकडे १९२१ मध्ये एक इंग्रज साहेब खाजगी चिटणीस म्हणून राहिले होते, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर. त्यांनी घरी लिहिलेली पत्रं आणि आठवणी मिळून 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक झालं, १९५३ मध्ये. इड्लाउकच्या माहितीपटानंतर एका वर्षाने. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं आणि चिडलो होतो. आमचा गोकुळाष्टमीचा उत्सव त्यांना गोंधळच वाटला, हे मला सहन झालं नव्हतं. आता इनुइट लोकांचा माहितीपट बघून आल्यावर वाटलं, प्रेमाने बघणाऱ्या परक्या माणसाचं असंच होत असणार. महाराजांवर त्यांचा जीव होता हे पानोपानी कळतं. आणि एक खरं, त्यांनी लिहिलं नसतं तर त्या दरबारातला रोजचा दिवस कसा जायचा हे आज आपल्याला इतकं बारकाईने कळलं नसतं. आपण आपलं कुठे लिहिलं?

आत्याचं घर टेकडीच्या पायथ्याला. जवळच कुमार गंधर्वांचं 'भानुकुल'. कुमारजी १९४८ च्या जानेवारीत इथे आले ते क्षयाने आजारी होऊन. कोरडी हवा मानवेल म्हणून. गाणं बंद, बोलणंही बंद. पाच-सहा वर्षं अंथरुणावर. त्या काळात खिडकीतून कानावर पडायची ती माळव्यातल्या बायकांची गाणी. लग्नाची, पावसाची, जात्यावरची, सणांची. बरं झाल्यावर त्यांनी ती शोधून शोधून जमवली, मंचावर नेली, आणि त्या धुनांमधून नवे राग उभे केले. संजारी, मालवती, लगनगांधार. त्यांचं 'अनूपरागविलास' १९६५ मध्ये आलं. हे सगळं आपण अभिमानाने सांगतो, सांगायलाच हवं. कुमारजींनी स्वतःही ऋण कधी लपवलं नाही. पण खिडकीखालून गात गेलेल्या त्या बायकांची नावं आपल्याकडे नाहीत.

आत्याने आम्हाला गराडू तळून घातले, वरून लिंबू आणि मसाला. मग फोटो हातात घेतला. तिला आता सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, पण फोटोवर बोट ठेवून ती क्षणात म्हणाली आणि नाव सांगितलं. नाव, नवऱ्याचं नाव, नदीपलीकडचं गाव, किती मुलं, त्यातलं कुठलं दगावलं, सगळं.

'अरे, ती नसती तर तुझा बाप जगला नसता. आणि गायची काय! जात्यावर बसली की मी अभ्यास सोडून तिच्याजवळ.'

'आत्या, तुला त्यातलं एखादं येतं का गं?'

मी लगेच मोबाइल काढला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तिच्या तोंडासमोर धरला. आत्याने हात हलवला. 'ते बंद कर. आधी ऐक. ऐकलंस तर पुन्हा म्हणेन, मग भर त्याच्यात.'

मी बंद केला. आत्या गायली. आवाज थरथरत होता आणि मधल्या ओळी गेल्या होत्या, पण चाल पक्की होती. माळवी बोली, माझ्या मराठी कानाला अर्धीच कळणारी. बाबा खिडकीबाहेर टेकडीकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला ते हळूच गुणगुणायला लागले. त्यांना शब्द येत होते! नाव विसरले होते, गाणं विसरले नव्हते. मग आत्या पुन्हा म्हणाली आणि तेव्हा मी ते भरून घेतलं. चार मिनिटं अकरा सेकंद.

परत येताना अंधार झाला होता. गाडीत बाबा म्हणाले, 'त्यांचा नातू धारलाच असतो म्हणे. सायकलचं दुकान होतं पूर्वी.' दुसऱ्या दिवशी रजिस्ट्री होती, त्यामुळे जाणं झालं नाही. कागदांवर सह्या झाल्या, घर गेलं. बाबांनी दाराची कडी तेवढी काढून आणली. निघायच्या आदल्या रात्री मी फोटो उलटा केला, आजोबांच्या अक्षराखाली पेन्सिलने 'व इतर' समोर ते नाव लिहिलं. माझं अक्षर आजोबांसारखं नाही, पण वाचता येतं.

मंडळी, ते नाव मी या लेखात दिलेलं नाही. संपादकांनी विचारलंही. पण इड्लाउकला कोणी विचारलं नाही, आणि विचारायच्या वेळी तो नव्हता. इथे नातू आहे, धारलाच आहे. बाबा त्या दुकानाचा शोध घेत आहेत. फोटोची प्रत आणि ते गाणं आधी त्याच्या घरी जाईल. त्याने हो म्हटलं तर पुढच्या अंकात नावासकट छापू.

लेकीचा प्रोजेक्ट शाळेत लागला. दोन डॉलरच्या नोटेचा फोटो चिकटवून तिने खाली मोठ्या अक्षरात इड्लाउकचं नाव लिहिलं. त्याच्या नातलगांची नावं तिला मिळाली नाहीत, म्हणून तिने प्रत्येकासमोर एक रिकामी ओळ सोडली आहे. 'इतर' लिहिलं नाही.

आणि तुमच्या घरी जुना ग्रुप फोटो असेल तर एकदा उलटा करून बघा. ज्यांना विचारायचं ती माणसं अजून असतील, तर या हिवाळ्यात फोन करा. माळव्यात रात्र असेल तेव्हा इथे सकाळ असते. ते लोक जेवून निवांत बसलेले असतात.